झिजणारे स्नायू आणि वनस्पतींतील औषधी द्रव्ये

निरोगी प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग अस्थिस्नायूंचा, म्हणजे हाडांना जोडलेल्या स्नायूंचा असतो. चालणे, उठणे, तोल सांभाळणे, श्वास घेणे ही त्यांची उघड दिसणारी कामे. न दिसणारी कामेही तितकीच मोलाची आहेत. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. आजार, मोठी जखम किंवा उपासमार ओढवली की शरीर स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांतून अमिनो आम्ले मिळवते. त्यामुळे स्नायू झिजले की माणूस नुसता अशक्त होऊन थांबत नाही. त्याची जखम उशिरा भरते, संसर्ग लवकर होतो, पडून हाड मोडण्याची भीती वाढते, आणि शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी सोसण्याची ताकद घटते.

या झिजेचे मुख्यतः तीन प्रकार पडतात. पहिली झीज वयाची. तिशीनंतर दर दशकात सुमारे ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. तिला 'सार्कोपेनिया' हे नाव अमेरिकी पोषणतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये दिले. अमेरिकेतील रोगांच्या अधिकृत यादीत तिला स्वतंत्र क्रमांक मिळायला मात्र २०१६ साल उजाडले. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवलेले निकष घरीही समजतील असे आहेत. पुरुषाच्या मुठीची पकड २८ किलोपेक्षा किंवा स्त्रीची १८ किलोपेक्षा कमी भरली, अथवा हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला, तर या विकाराची शंका घ्यावी.

दुसरी झीज रोगाची. कर्करोग, हृदय निकामी होणे, मूत्रपिंडाचे जुने विकार, फुप्फुसांचे विकार यांत शरीरभर दाह पसरतो, भूक मरते आणि स्नायू वेगाने वितळू लागतात. याला कॅशेक्सिया म्हणतात. कर्करोगात सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन आपोआप उतरणे हे तिचे लक्षण मानले जाते. नुसते जास्त खाऊ घालून ती पूर्ण भरून येत नाही, हे तिचे दुष्टपण. तिसरी झीज न वापरण्याची. निरोगी वृद्धांना १० दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायुभार गेल्याचे २००७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचा छेद पहिल्या १० दिवसांत सरासरी १७.७ टक्क्यांनी लहान होतो, असे २०१३ मध्ये लंडनमधील पाहणीत आढळले. आजारातून उठलेला माणूस महिनोन्‌महिने जिना चढू शकत नाही, त्याचे कारण बहुतेकदा इथे असते.

औषधांची बाजू या मानाने फार लंगडी आहे. सार्कोपेनियासाठी कोणत्याही प्रमुख औषध नियामकाने एकही औषध मंजूर केलेले नाही. कर्करोगातील कॅशेक्सियासाठी जपानने अ‍ॅनामोरेलिन ही भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करणारी गोळी मान्य केली आहे, पण तिचा प्रसार मर्यादित राहिला. या पोकळीमुळेच संशोधकांचे लक्ष वनस्पतींकडे वळले.

तसे ते आयुर्वेदाने फार पूर्वी वळवले होते. चरकसंहितेत मांसक्षयाचे वर्णन करताना कुल्ले, मान आणि पोट सुकल्याची नोंद आहे, आणि आजचा डॉक्टरही झीज पाहायला शरीराच्या अशाच मांसल जागा चाचपतो. याच ग्रंथात औषधींचे दहा-दहांचे गट केलेले आहेत. त्यांपैकी बळ देणाऱ्या आणि शरीर भरून आणणाऱ्या अशा दोन्ही गटांत अश्वगंधेला जागा आहे. अर्थात जुन्या ग्रंथातील उल्लेख म्हणजे पुरावा नव्हे. शोध कुठून सुरू करावा, याची ती खूण आहे.

स्नायूच्या आत काय घडते

स्नायूतील प्रथिने कायम मोडत आणि नव्याने बनत असतात. एका बाजूने भरणाऱ्या आणि दुसऱ्या बाजूने गळणाऱ्या हौदाची पातळी जशी ठरते, तसा स्नायूचा आकार ठरतो. भरण्याच्या बाजूला इन्सुलिन, आयजीएफ-१ हे वाढीचे संप्रेरक, आहारातील ल्युसिन हे अमिनो आम्ल आणि व्यायामाचा ताण असतो. हे सारे संदेश पेशीतील एमटॉर या प्रथिनापाशी एकत्र येतात आणि ते नवी प्रथिने बनवण्याची आज्ञा देते. गळण्याच्या बाजूला युबिक्विटिन-प्रोटिअसोम ही यंत्रणा आहे. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लावायची आणि मग ते प्रोटिअसोममध्ये तुकडे करायला पाठवायचे, अशी तिची रीत. या यंत्रणेच्या शोधासाठी सिकॅनोव्हर, हेर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. स्नायूत ही खूण लावण्याच्या कामात मदत करणारी मर्फ-१ आणि अ‍ॅट्रोजिन-१ ही दोन प्रथिने २००१ मध्ये सापडली. उपास असो, कर्करोग असो की प्लास्टरमध्ये जखडलेला पाय असो, झिजणाऱ्या स्नायूत या दोघांचे प्रमाण वाढलेले दिसते.

याखेरीज आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूच्या वाढीला लगाम घालते. ते नसलेले उंदीर १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तयार झाले आणि त्यांचे स्नायू नेहमीच्या दुपटीहून अधिक मोठे निघाले. दुसरी गोष्ट दाहाची. दाह वाढला की एनएफ-कप्पा-बी हा रेणू मर्फ-१ला चेतवतो. तिसरी गोष्ट तंतुकणिकांची. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिका वयानुसार जुन्या होतात, आणि जुन्या काढून टाकण्याचे काम मंदावले की स्नायू आकाराने बरा असूनही लवकर थकतो. वनस्पतींतील जवळपास प्रत्येक द्रव्याबद्दलचा दावा यांपैकी कुठल्या तरी एका जागेशी जोडलेला असतो.

दाव्यांची पायरी मात्र तपासावी लागते. बहुतेक संशोधन सी२सी१२ या नावाच्या उंदराच्या स्नायूपेशींवर होते. या पेशी बशीत वाढवतात, त्यांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घालून त्या सुकवतात आणि मग वनस्पतीचा अर्क टाकून त्या पुन्हा जाड होतात का ते बघतात. पुढची पायरी शेपटीने टांगून मागचे पाय अधांतरी ठेवलेल्या, प्लास्टर घातलेल्या किंवा म्हाताऱ्या उंदरांची. बशीत शेकडो द्रव्ये यशस्वी होतात. उंदरांत त्यांतली काही टिकतात, माणसांत फारच थोडी. बशीतील पेशीला द्रव्य थेट मिळते. माणसात ते आधी आतड्यातून आणि यकृतातून सुटून स्नायूपर्यंत पोचावे लागते. 'अमुक पाल्याने स्नायू वाढतात' अशी बातमी वाचताना ती कोणत्या पायरीवरची आहे, हे पाहिले पाहिजे.

सफरचंदाची साल आणि हिरवा टोमॅटो

या क्षेत्रातील सर्वांत कल्पक शोध आयोवा विद्यापीठातील ख्रिस्तोफर अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी वनस्पतीपासून सुरुवात न करता झिजलेल्या मानवी स्नायूपासून केली. उपाशी राहिलेल्या आणि मणक्याला इजा झालेल्या माणसांच्या स्नायूंत कोणती जनुके चालू होतात आणि कोणती बंद पडतात, याची त्यांनी यादी केली. मग ज्या संगणकीय संग्रहात १,३०० हून अधिक द्रव्यांचे जनुकांवरील परिणाम नोंदवलेले होते, त्यात झिजेच्या नेमका उलटा ठसा उमटवणारे द्रव्य शोधले. हाती लागले अर्सोलिक आम्ल. सफरचंदाच्या सालीवरील मेणात ते भरपूर असते, तुळशीतही असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ते आहारातून दिलेल्या उंदरांचे स्नायू वाढले, चरबी आणि रक्तातील साखर घटली.

हीच रीत वापरून २०१४ मध्ये त्यांना टोमॅटिडिन मिळाले. कच्च्या हिरव्या टोमॅटोतील टोमॅटिन या द्रव्यापासून ते बनते आणि टोमॅटो पिकत जातो तसे टोमॅटिन कमी होत जाते. पुढच्या वर्षी याच गटाने म्हाताऱ्या उंदरांना दोन महिने ही द्रव्ये दिली. स्नायूंचे वजन सुमारे १० टक्क्यांनी आणि ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. वार्धक्यात स्नायूंना मागे खेचणारे एटीएफ-४ हे प्रथिन या द्रव्यांमुळे शांत होते, असे त्यांनी दाखवले. ही खरी महत्त्वाची भर होती, कारण तिने झिजेमागचे एक नवे कारण उजेडात आणले.

माणसात मात्र अर्सोलिक आम्ल अडखळले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे आतड्यातून रक्तात फार थोडे जाते. तरुण, निरोगी माणसांवर झालेल्या छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. सफरचंद सालीसकट खावे, त्यात तंतू आहेत. स्नायूंसाठी मात्र उंदराला दिलेली मात्रा गाठायची तर सालींचा ढीग लागेल.

डाळिंब

माणसांवरील पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत पुढे गेलेले द्रव्य डाळिंबाशी संबंधित आहे, आणि महाराष्ट्राला त्यात रस असण्याचे कारण आहे. देशात डाळिंबाचे सर्वाधिक उत्पादन याच राज्यात होते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे.

डाळिंबात, विशेषतः त्याच्या सालीत आणि दाण्यांमधल्या पांढऱ्या पडद्यांत, एलॅजिटॅनिन या तुरट द्रव्यांचा साठा असतो. ती जशीच्या तशी रक्तात जात नाहीत. आतड्यातील काही जिवाणू ती मोडून त्यांपासून युरोलिथिन-ए नावाचे लहान द्रव्य बनवतात आणि ते शोषले जाते. लोझान येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की युरोलिथिन-ए मुळे पेशी जुन्या, बिघडलेल्या तंतुकणिका वेचून मोडीत काढते आणि नव्यांना जागा करून देते. त्यामुळे सूक्ष्म कृमींचे आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढले आणि उंदीर ४२ टक्के जास्त धावू शकले.

पुढची हकिकत बारकाईने वाचण्यासारखी आहे, कारण औषधाची खरी परीक्षा कशी असते ते तिच्यातून कळते. सिॲटलमध्ये ६५ ते ९० वर्षे वयाच्या ६६ जणांवर चार महिन्यांची चाचणी झाली आणि २०२२ मध्ये तिचा अहवाल आला. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम युरोलिथिन-ए दिले, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. चाचणी सुरू होण्याआधी यशाच्या दोन मुख्य कसोट्या ठरल्या होत्या: सहा मिनिटांत चालून होणारे अंतर, आणि हाताच्या स्नायूची ऊर्जा तयार करण्याची कमाल क्षमता. या दोन्हींत गोळीला निष्क्रिय गोळीपेक्षा वरचढ ठरता आले नाही. हाताच्या आणि पायाच्या स्नायूंचा थकवा उशिरा येणे या दुय्यम कसोटीत मात्र फायदा दिसला. त्याच वर्षी मध्यमवयीन ८८ जणांवरील दुसऱ्या चाचणीचा अहवाल आला. तिथेही मुख्य कसोटीवर, म्हणजे सायकलवरील कमाल जोरात, स्पष्ट फरक पडला नाही. पायाच्या मागच्या स्नायूंची ताकद मात्र सुमारे १२ टक्क्यांनी वाढली. या चाचण्यांना पैसा युरोलिथिन विकणाऱ्या कंपनीकडूनच आला होता. म्हणून त्या खोट्या ठरत नाहीत, पण मोठ्या आणि स्वतंत्र चाचणीची गरज त्यामुळे वाढते. जाहिरातीत १२ टक्के छापून येतात आणि हुकलेली मुख्य कसोटी छापून येत नाही, हे ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

आणखी एक गुंता आतड्यातील जिवाणूंचा आहे. डाळिंबाचा रस प्यायल्यावर पुरेसे युरोलिथिन-ए तयार होणारी माणसे एका तपासणीत सुमारे ४० टक्केच निघाली. बाकीच्यांच्या पोटात ते काम करणारे जिवाणू नाहीत किंवा फार कमी आहेत. शिवाय घरी आपण दाणे खातो आणि साल फेकतो. अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात साल आणि पडद्यांतील द्रव्ये उतरतात, नुसत्या दाण्यांच्या रसात ती कमी असतात. डाळिंब उत्तम फळ आहे यात शंका नाही, पण वाटीभर दाणे म्हणजे चाचणीतील मात्रा नव्हे. महाराष्ट्रात रसाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सालींचा या दृष्टीने अभ्यास व्हावा, हा विचार मात्र नक्कीच करण्यासारखा आहे.

मेथी

मेथीच्या दाण्यांतून ट्रायगोनेलिन हे द्रव्य १८८५ मध्येच वेगळे काढण्यात आले होते. कॉफीच्या बियांतही ते असते. स्नायूंच्या संदर्भात मात्र ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने दाखवले की सार्कोपेनिया झालेल्या वृद्धांच्या रक्तात ट्रायगोनेलिन कमी असते, आणि पेशी त्यापासून एनएडी हे ऊर्जानिर्मितीला आवश्यक असलेले सहविकर बनवू शकते. ते दिलेल्या कृमींची हालचाल उतारवयातही टिकली आणि म्हाताऱ्या उंदरांची ताकद सुधारली. या शोधनिबंधातील उपचार प्राण्यांपुरते होते. बाळंतिणीला आणि थंडीच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांना मेथीचे लाडू देण्याच्या मराठी रिवाजाला या शोधाने एक संभाव्य कारण दिले. मात्र त्या लाडवातील डिंक, सुके खोबरे, तूप आणि कणीक यांतून मिळणाऱ्या उष्मांकांचा वाटा तिथे नक्कीच मोठा आहे.

अश्वगंधा

भारतात बळ वाढवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर विकली जाणारी वनस्पती अश्वगंधा. मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर ही तिच्या लागवडीची आणि व्यापाराची मुख्य केंद्रे. मुळे उपटून, वाळवून, जाडीनुसार प्रतवारी करून ती बाजारात येतात. मुळांतील विथॅनोलाइड गटातील द्रव्ये तिच्या गुणाची मुख्य कारणे मानली जातात.

स्नायूंसंबंधी सर्वांत जास्त उद्धृत होणारी चाचणी भारतीय संशोधकांची असून ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. व्यायामशाळेचा फारसा अनुभव नसलेल्या, १८ ते ५० वर्षांच्या ५७ पुरुषांना आठ आठवडे वजन उचलण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. एका गटाला रोज दोनदा ३०० मिलिग्रॅम मुळांचा अर्क मिळाला, दुसऱ्याला निष्क्रिय गोळी. बेंचप्रेसमध्ये उचललेले वजन अर्क घेणाऱ्यांत सरासरी ४६ किलोंनी, दुसऱ्या गटात २६ किलोंनी वाढले. दंडाच्या स्नायूचा आकारही अर्काच्या गटात जास्त वाढला. आकडे लक्षवेधी आहेत. त्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, दोन्ही गट व्यायाम करत होते, आणि नुसत्या व्यायामानेच २६ किलोंची वाढ झाली होती. दुसरी, हे सगळे धडधाकट पुरुष होते. कर्करोगाने खंगलेला रुग्ण किंवा पंचाहत्तरीची आजी त्यांत नव्हती. तरुण स्नायू वाढवणारे द्रव्य झिजणारा स्नायू वाचवेलच, असे गृहीत धरता येत नाही.

अश्वगंधेचा परिणाम कसा होतो, याविषयी ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल कमी होणे हे सर्वांत पटण्याजोगे कारण वाटते. कॉर्टिसॉल वाढले की मर्फ-१ वाढते, हे ठाम ज्ञात आहे, आणि अश्वगंधेने कॉर्टिसॉल उतरल्याचे अनेक छोट्या चाचण्यांत दिसले आहे. तरीही ज्या देशात ही वनस्पती पिकते, विकली जाते आणि श्रद्धेने घेतली जाते, तिथे खऱ्या स्नायूझिजेच्या रुग्णांवर मोठी, काटेकोर चाचणी उभी राहायला हवी होती. तशी चाचणी हाती नसताना डब्यावर बलवान पुरुषाचे चित्र छापून अश्वगंधा वृद्धांना विकली जाते, हे योग्य नाही.

किड्यांचे संप्रेरक, पालकाच्या पानात

एक्डिस्टेरोन या द्रव्याची कथा विलक्षण आहे. किडे कात टाकतात ती एक्डायसोन गटातील संप्रेरकांमुळे. जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये ५०० किलो रेशीमकोशांतून जेमतेम २५ मिलिग्रॅम एक्डायसोन मिळवले होते. पुढच्या दशकात कळले की अनेक वनस्पती या गटातील संप्रेरके भरपूर प्रमाणात बनवतात. पाने खाणाऱ्या किड्याचा कात टाकण्याचा क्रम बिघडावा, हा त्यामागचा बचाव. एक्डिस्टेरोन हे त्यांपैकीच एक; पालकात ते असते. गणपतीच्या पत्रीत असणाऱ्या आघाड्यातूनही ते मिळवले गेले आहे.

माणसात ते पुरुषी संप्रेरकांच्या मार्गाने काम करत नाही, तरी स्नायूंवर परिणाम करते असे मध्य आशियातील सोव्हिएत संशोधकांचे म्हणणे होते. बर्लिनमध्ये ४६ तरुणांवर दहा आठवड्यांची चाचणी झाली आणि २०१९ मध्ये तिने त्याला दुजोरा दिला. त्यानंतर जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२० पासून या द्रव्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. वापरलेल्या कॅप्सूलवर १०० मिलिग्रॅम लिहिलेले असताना आत प्रत्यक्षात सुमारे ६ मिलिग्रॅम निघाले.

वृद्धांसाठी याच द्रव्याचे शुद्ध रूप औषध म्हणून तपासले गेले. अमेरिका आणि बेल्जियममधील २३३ वृद्धांवर सहा महिन्यांची चाचणी चालू असताना कोविडची साथ आली, केंद्रे बंद झाली आणि शेवटची मोजमापे अनेकांच्या बाबतीत राहून गेली. चालण्याचा वेग सुधारण्याकडे कल दिसला, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरला नाही. शुद्ध द्रव्य, ठरलेली मात्रा, वृद्ध रुग्ण आणि तुलनेसाठी निष्क्रिय गोळी अशी ही मांडणी होती. निकाल अपुरा राहिला तरी रीत अचूक होती, आणि अश्वगंधेलाही हीच रीत लावायला हवी.

हळद, अँटीऑक्सिडंट आणि व्यायाम

हळदीतील कुर्क्युमिन एनएफ-कप्पा-बी ला अडवते, म्हणजे दाहामुळे होणारी झीज ते रोखू शकेल, असा तर्क आहे. उंदरांत इजा झालेला स्नायू त्यामुळे लवकर भरल्याचे १९९९ मध्येच दिसले. अडचण शोषणाची. कुर्क्युमिन आतड्यातून फार कमी जाते आणि गेले तरी यकृत ते लगेच बाहेर काढते. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाने १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कुर्क्युमिनसोबत मिऱ्यातील २० मिलिग्रॅम पायपरिन दिले तर त्याचे शोषण २,००० टक्क्यांनी वाढते. या शोधावर जगभर गोळ्यांचा व्यापार उभा राहिला. सांगलीच्या बाजारातल्या हळदीत कुर्क्युमिन काही टक्केच असते, त्यामुळे भाजीतील हळद सुरक्षित आणि गोळीतील मात्रा वेगळी. मिरे मिसळलेल्या अशा गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याचे रुग्ण इटली आणि अमेरिकेत नोंदले गेले आहेत.

ऑक्सिडीकरण रोखणारे प्रत्येक द्रव्य स्नायूला हिताचे असते, ही समजूतही सोडून द्यायला हवी. द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉलची कोपनहेगनमध्ये चाचणी झाली. साधारण ६५ वर्षांच्या २७ पुरुषांनी आठ आठवडे कसून व्यायाम केला. काहींना रोज २५० मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल दिले गेले. २०१३ च्या अहवालानुसार श्वसनक्षमतेतील वाढ गोळी न घेणाऱ्यांत जास्त झाली. व्यायामाने स्नायूत निर्माण होणारा थोडासा ऑक्सिडीकरणाचा ताण हाच सुधारणेचा संदेश असतो आणि गोळी तो पुसून टाकते, हे त्याचे स्पष्टीकरण.

व्यायामाचे माप डोळ्यांसमोर असल्याशिवाय कोणत्याही वनस्पतीचे मोल ठरवता येत नाही. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० मध्ये सरासरी ९० वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले. त्यांच्या पायांची ताकद १७४ टक्क्यांनी आणि मांडीतील स्नायूचा छेद ९ टक्क्यांनी वाढला. वर सांगितलेल्या एकाही द्रव्याने वृद्धांत याच्या जवळपास जाणारा परिणाम दाखवलेला नाही. अन्नाचे माप आपल्याच देशातून मिळते. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरोग्यांना औषधांबरोबर दरमहा सुमारे १० किलो शिधा देण्यात आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला, आणि ज्या घरांतील इतरांनाही शिधा मिळाला तिथे त्यांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. भारतातील झिजेच्या मोठ्या हिश्श्यामागे भूक आहे आणि तिच्यावर डाळ, तांदूळ, दूध, अंडी यांची सर कुठल्याही अर्काला येणार नाही.

वनस्पतीच स्नायू झिजवते तेव्हा

वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज या विषयात विशेष घातक आहे. ज्येष्ठमध फार दिवस जास्त प्रमाणात घेतले तर त्यातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे मूत्रावाटे पोटॅशियम निघून जाते, रक्तदाब चढतो आणि स्नायू इतके लुळे पडतात की रुग्णाला उठता येत नाही. कळलावीच्या कंदात कोल्चिसिन असते. ते औषध म्हणून गाउटवर उपयोगी असले तरी मात्रा चुकल्यास स्नायूंना इजा करते आणि जिवावर बेतते. सांधेदुखीवर लेबल नसलेल्या पुड्या विकणारे काही जण त्यांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळतात. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक लागते, चेहरा भरतो, आणि घरच्यांना वाटते प्रकृती सुधारली. प्रत्यक्षात मांडीचे आणि खांद्याचे स्नायू विरत असतात, कारण प्रयोगशाळेत पेशी सुकवायला वापरतात ते हेच द्रव्य. बोस्टनमधील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणून उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच नसलेली पुडी घेऊ नये.

अश्वगंधेनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि भारतात आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. थायरॉइडच्या, मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये, आणि गर्भवतींनी घेऊच नये. मेथीचे दाणे औषधी प्रमाणात घेणाऱ्या मधुमेहींनी साखर तपासत राहावे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाने कोणताही अर्क, काढा किंवा चूर्ण घेत असल्यास ते आपल्या डॉक्टरांना नावासकट सांगावे. आणि घरातील एखाद्या माणसाचे वजन सहा महिन्यांत विनाकारण ५ टक्क्यांहून अधिक उतरले असेल, तर बाजारातून शक्तिवर्धक आणण्याआधी ते का उतरले याची तपासणी करून घ्यावी. क्षय, मधुमेह, थायरॉइडचा विकार आणि कर्करोग हे चारही आजार अनेकदा याच लक्षणाने सुरू होतात आणि लवकर सापडले तर त्यांवर उपचार आहेत.